चार वर्षांच्या बातमीदारीनंतर मल्टिमीडिया पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षं दैनिकात बातमीदारी केली, लिहिण्यावर हात बसलाय, पण कॅमेरा, आवाज, डेटा यातलं काहीच येत नाही, डेटाची तर भीतीच वाटते. आता नोकरी सोडून मल्टिमीडिया पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घ्यावी, की एडिटिंग वगैरे घरी बसून व्हिडिओ बघत शिकावं? पदवी घ्यायचीच तर अभ्यासक्रम कसा पारखावा, अर्जाची तयारी काय करावी आणि कॅमेरा कोणता घ्यावा?

मी अकरा वर्षं बातमीदारी केली, त्यातली शेवटची पाच व्हिडिओ आणि ऑडिओ डेस्कवर. गेली नऊ वर्षं हाच विषय पदव्युत्तर वर्गाला शिकवते. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सॉफ्टवेअर शिकायचं म्हणून पदवी घेऊ नका. व्हिडिओ एडिटिंगचं प्रीमिअर प्रो काय किंवा दाविंची रिझॉल्व्ह काय, रोज दोन तास बसलात तर तीन-चार आठवड्यांत कामापुरतं हातात येतं. रिझॉल्व्हची एक आवृत्ती फुकट मिळते, आवाजासाठी ऑडॅसिटी फुकट आहे, नकाशांसाठी क्यूजीआयएस फुकट आहे. शिवाय आज शिकलेल्या सॉफ्टवेअरची बटणं दोन वर्षांनी जागा बदलतात. एकट्यानं शिकता येत नाहीत अशा गोष्टी दोनच. बातमीतला कोणता भाग कोणत्या माध्यमात जाईल हे ठरवणं ही पहिली. दुसरी म्हणजे आपलं काम समोर ठेवून जाणत्या माणसाकडून ते कापून घेणं, आणि हे एकदा नाही, आठवड्यामागून आठवडा. या दोन गोष्टी ज्या अभ्यासक्रमात मिळतील तो घ्या. मिळत नसतील तर नोकरी सोडू नका.

पहिली गोष्ट म्हणजे नेमकं काय, ते एका विद्यार्थिनीच्या कामावरून सांगते. तीही तुमच्यासारखीच छापील दैनिकातून आलेली होती. जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरावर तिनं पहिलं काम केलं. तीन तासांचं फुटेज घेऊन आली. त्यातले दोन तास चाळीस मिनिटं मुलाखत, तीही ऑफिसात, खुर्चीवर बसवून. उरलेल्या वीस मिनिटांत लिफ्टची दारं, बटणं, पाटी. मी विचारलं, या माणसाचे हात कुठे आहेत? तिनं वही उघडून दाखवली. वहीत सुरेख टिपलं होतं: मशीन रूममध्ये शिरल्यावर तो आधी काही बघत नाही, मोटरच्या कव्हरवर तळहात ठेवतो आणि थरथर अजमावतो, मग मदतनिसाला खुणेनं लिफ्ट वर घ्यायला सांगतो. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. कॅमेरा मात्र तेव्हा पिशवीत होता, कारण 'मुलाखत संपली होती'.

लिहिणाऱ्या माणसाची ही सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. आपण बघतो, लक्षात ठेवतो आणि रात्री डेस्कवर बसून ते उभं करतो. व्हिडिओत रात्री काहीच उभं करता येत नाही. जे त्या क्षणी टिपलं नाही ते गेलं. मी तिला व्हिडिओ पत्रकारितेचे प्रशिक्षक मायकेल रोझेनब्लूम यांची पाच शॉटची पद्धत देऊन परत पाठवलं. जुनीच पद्धत आहे, अनेक वर्गांत शिकवतात: हातांचा क्लोजअप, चेहऱ्याचा क्लोजअप, जागा दाखवणारा वाइड, खांद्यामागून त्याला काय दिसतंय ते, आणि पाचवा आपल्या मनाचा वेगळा कोन. प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर. पॅन नाही, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचा नाही, झूम नाही. परत आली तेव्हा तिच्याकडे एक सीक्वेन्स, म्हणजे एकमेकांना जोडून चालणारी शॉट्सची मालिका होती, आणि खरं काम तिथून सुरू झालं.

कारण मुलाखतीत त्या माणसानं सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी व्हिडिओत नकोच होत्या. लिफ्ट किती वर्षांच्या आहेत, तपासणी किती दिवसांनी व्हायला हवी, प्रत्यक्षात किती दिवसांनी होते, हे आकडे कोणी बोलून दाखवले की प्रेक्षकाच्या कानावरून निघून जातात. ते मजकुरात हवेत, नाहीतर एका साध्या तक्त्यात. शाफ्टमधून वर येणारा घुमणारा आवाज मात्र कितीही चांगलं लिहिलं तरी लिहून कळत नाही. आणि तळहात ठेवण्याचा तो क्षण दाखवलाच पाहिजे, त्यावर निवेदन नको. शेवटी मुलाखत दीड मिनिटावर आली आणि तीही बरीचशी हातांच्या दृश्यांवर चालली. माध्यम निवडणं म्हणतात ते हे. 'व्हिडिओही आहे, ऑडिओही आहे, ग्राफिकही आहे' अशी रास रचली की तीच माहिती वाचकाला तीनदा ऐकावी लागते, आणि तो पहिल्याच खेपेला निघून जातो.

न्यूयॉर्क टाइम्सनं डिसेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका हिमस्खलनावर मोठा वृत्तान्त दिला. मजकुराच्या मध्ये हलते नकाशे, व्हिडिओ, वाचलेल्या माणसांचे आवाज. त्यानंतर कित्येक वृत्तसंस्थांनी तशी पानं बनवायचा सपाटा लावला आणि त्यातली पुष्कळशी कोणी शेवटपर्यंत वाचली नसतील. त्या वृत्तान्ताला २०१३ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार, मिळालं ते फीचर लेखनाच्या विभागात, जॉन ब्रँच या बातमीदाराला. पाया लेखनाचाच होता. डोंगराची घडण शब्दांनी समजेनाशी होते तिथे नकाशा येत होता, उगाच कुठेही नाही. तुमची चार वर्षं वाया गेली असं वाटत असेल तर हे ध्यानात ठेवा. वर्गात सर्वांत अडचण होते ती कॅमेरा उत्तम चालवणाऱ्या पण बातमी कशाला म्हणतात हे माहीत नसलेल्या मुलांची. तुमची अडचण त्या मानानं लवकर सुटते.

आता आवाज. यावर मी जरा जास्त बोलते, कारण नवे विद्यार्थी सगळे पैसे लेन्सवर घालतात आणि आवाज देवावर सोडतात. चित्र थोडं हललं, अंधारलं तरी माणसं बघतात. आवाज फाटला की बंद करतात.

डेस्कवर नवीन असताना मी एका आईची मुलाखत घेतली. कारखान्यातल्या अपघातात तिचा मुलगा गेला होता. क्लिप माइक लावला, आवाजाची पातळी दाखवणारं मीटर हलताना दिसलं, आणि हेडफोन पिशवीतच ठेवले. तिच्यासमोर कानाला काही लावून बसणं मला कसंतरी वाटलं होतं. ती चाळीस मिनिटं बोलली. मुलाचे बूट दाराशी तसेच आहेत, कोणी हलवले तर तिला लगेच कळतं, असं सांगताना ती मध्येच थांबली आणि मग स्वतःच पुढे बोलली. ऑफिसात येऊन ऐकलं तर वायर सैल होती. सगळ्या मुलाखतीवर चरचर. मीटर हलत होतं ते त्या चरचरीनं. मला परत जाऊन तिला तेच विचारावं लागलं. तिनं नकार दिला नाही. पण दुसऱ्या वेळी ती बुटांबद्दल बोलली ते उत्तर दिल्यासारखं. पहिल्या दिवशी जे आपसूक आलं होतं ते गेलं होतं, आणि वर तिला तो दिवस पुन्हा उकरायला लागला. तेव्हापासून माझ्या वर्गात हेडफोन न लावता रेकॉर्डिंग केलेलं काम मी तपासत नाही. समोरचा माणूस आपलं दुःख एकदा सांगतो. ते नीट ऐकू येतंय ना हे बघणं आपलं कर्तव्य आहे, आणि हेडफोन लावायचा संकोच वाटला तर तो समोरच्याला दोन शब्दांत समजावून सांगता येतो.

बाकी तांत्रिक भाग सोपा आहे. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, मीटरवर बोलण्याच्या आवाजाची पातळी साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि निघण्याआधी त्याच खोलीत सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती शांतता टिपायची. तिला आम्ही रूम टोन म्हणतो. दोन वाक्यांमधला कट झाकायला ती लागते आणि घाईत विसरली की एडिटला बसल्यावर आठवते. फ्रिज, पंखा, एसी बंद करायला सांगा, आणि जाताना आठवणीनं पुन्हा चालू करून द्या.

डेटाची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. ती सोडा. फिलिप मेयर यांचं उदाहरण मी दरवर्षी सांगते. ते अमेरिकेत काम करणारे बातमीदार होते. १९६६-६७ मध्ये पत्रकारांसाठीच्या नीमन फेलोशिपवर वर्षभर हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि तिथे सामाजिक संशोधनाच्या पद्धती शिकले. जुलै १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात दंगल झाली. दंगल करणारे म्हणजे शिक्षण सुटलेली, सर्वांत तळातली माणसं, असं जो तो म्हणत होता. मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंगलग्रस्त भागात रीतसर पाहणी केली आणि उत्तरं संगणकावर तपासली. कॉलेजात गेलेली माणसंही शाळा सोडलेल्यांइतक्याच प्रमाणात दंगलीत होती असं निघालं. डेट्रॉइट फ्री प्रेस या तिथल्या दैनिकाला त्या वार्तांकनासाठी १९६८ चं पुलित्झर मिळालं. संगणक तेव्हा इतरांकडेही होते. वर्षभराच्या अभ्यासानं मेयर यांना मिळाला तो प्रश्न विचारण्याचा मार्ग.

तुम्हाला सुरुवातीला लागेल ती स्प्रेडशीट: सॉर्ट, फिल्टर, पिव्हट टेबल (आकड्यांची गटवार बेरीज दाखवणारा तक्ता), आणि कच्चा तक्ता साफ करण्याचा चिवटपणा. एकाच गावाचं नाव चार प्रकारे लिहिलेलं असतं, रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक असतो, टक्के आणि टक्क्यांचे अंक (दोन टक्केवारींमधला सरळ फरक) या वेगळ्या गोष्टी असतात. 'अमुक शहरात सर्वाधिक अपघात' असा मथळा देण्याआधी लोकसंख्येनं भागलं का, हा प्रश्न ज्याच्या अंगवळणी पडला त्यानं निम्मी मजल मारली. आलेख डेटारॅपर किंवा फ्लरिशमध्ये अर्ध्या तासात होतो. पायथॉन वगैरे प्रोग्रॅमिंग नंतर, गरज पडली तर.

पडताळणी हा विषय हल्ली बहुतेक चांगल्या अभ्यासक्रमांत स्वतंत्र असतो, आणि असायलाच हवा. फोटोवरून तो आधी कुठे आला होता हे शोधणं, सावल्यांवरून वेळ काढणं, मागच्या इमारती उपग्रह चित्राशी जुळवणं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटानं ही कामं कोणालाही बघता येतील अशा उघड स्रोतांवर, पायरी पायरी दाखवत केली, म्हणून ती शिकवता येतात. बनावट आवाज आणि चित्रं सहज तयार होऊ लागल्यापासून या विषयाचं वजन फार वाढलंय. यंत्राकडून मुलाखतीचा मजकूर उतरवून घ्यायला माझी हरकत नाही, वेळ वाचतो. पण उद्धृत करायचं प्रत्येक वाक्य मूळ आवाजाशी ताडून बघा. 'मी पाहिलं नाही' मधला 'नाही' हळू बोलला गेला तर उतरवताना गळतो, आणि साक्षीदाराचं म्हणणं उलटं होतं.

आता अभ्यासक्रम कसा पारखायचा. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाची पत्रकारिता शाळा १९०८ साली सुरू झाली तेव्हापासून तिथले विद्यार्थी खऱ्या वाचकांसाठी खरं वृत्तपत्र काढत आले आहेत, वर संपादक म्हणून अनुभवी माणसं. मला ही रीत सर्वांत पटते. नाव मोठं असो की लहान, पहिला प्रश्न हा विचारा: विद्यार्थ्यांचं काम वर्गाबाहेर कुठे प्रसिद्ध होतं, आणि त्यावर संपादन कोण करतं? दुसरा प्रश्न: एका विद्यार्थ्याच्या एका कामाचे किती मसुदे शिक्षक बघतात? उत्तर 'एक, गुण देताना' असेल तर तिथे जाऊ नका. मागच्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा की तुमचं कोणतं काम शिक्षकांनी परत करायला लावलं आणि का. ज्यांना हे लगेच आठवतं, त्यांना काहीतरी शिकायला मिळालेलं असतं. इमारत, स्टुडिओ, कॅमेऱ्यांची यादी या गोष्टी माहितीपत्रकात ठळक असतात. त्यांना दुय्यम माना. उपकरणं विद्यार्थ्याला घरी नेता येतात का, रात्री-सुट्टीला मिळतात का, एवढं मात्र विचारा. कुलूपबंद कपाटातल्या उत्तम कॅमेऱ्याचा कोणाला उपयोग नाही.

कालावधीचं म्हणाल तर फरक मोठा आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाचा एमएस साधारण दहा महिन्यांचा, बर्कली विद्यापीठाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तुम्हाला बातमीदारी येते, मग लहान अभ्यासक्रम पुरेल असं वाटणं साहजिक आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. तुम्हाला आधीच्या सवयी मोडायच्या आहेत, त्याला वेळ लागतो. पैसा आणि घरची जबाबदारी परवानगी देत असेल तर जास्त मुदतीचा घ्या. कर्ज काढून जास्त मुदतीचा घेऊ नका. या धंद्यातले पगार ते कर्ज लवकर फेडू देत नाहीत. त्यापेक्षा शिष्यवृत्तीसाठी एक वर्ष थांबणं बरं.

पहिल्या सत्रात बातमीदारी, कायदा, नीतिमत्ता, फोटो, आवाज, व्हिडिओ असं सगळं एकदम अंगावर येतं. झोप कमी होते. हे सगळीकडे असंच आहे. नीतिमत्तेचा तास टाळू नका, कारण छापील बातमीत जे प्रश्न तुम्हाला पडले नव्हते ते इथे पडतात. नाव छापायला परवानगी देणाऱ्या माणसाला आपला चेहरा आणि आवाज कायमचा इंटरनेटवर राहणार आहे हे कळलंय का? 'काका, पुन्हा एकदा दार उघडून आत या ना, शॉट चुकला' असं म्हणणं चालेल का? माझं उत्तर नाही. शॉट चुकला तर चुकला. ते पुढच्या वेळी आपण होऊन दार उघडतील तेव्हा तयार राहा. मुलाखतीसाठी खुर्ची खिडकीकडे वळवणं वेगळं आणि घडलेली गोष्ट पुन्हा घडवून ती पहिल्यांदाच घडतेय असं दाखवणं वेगळं. यावर वर्गात भांडणं होतात. होऊ द्यावीत.

शेवटच्या प्रकल्पाचा विषय मात्र पहिल्या सत्रातच मनात धरा. मुलं जगाएवढा विषय घेतात आणि चित्रण करायला जागा मिळत नाही. जिथे तुम्ही आठवड्यातून दोनदा, विशेष परवानगीशिवाय किंवा एकदाच घेतलेल्या परवानगीवर जाऊ शकता अशी जागा निवडा, आणि काहीतरी बदलत असेल अशा वेळी निवडा. आजोबांच्या आठवणी ही मुलाखत होते. आजोबांचं घर रिकामं होतंय हे चित्रण होतं. फुटेज जमलं की थेट एडिटिंगच्या टाइमलाइनवर बसू नका. सगळं उतरवून काढा, कागदावर क्रम लावा, मग कापा. आणि फुटेजच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. दरवर्षी कोणाची तरी हार्ड डिस्क शेवटच्या महिन्यात जाते आणि त्या मुलाचा चेहरा मला बघवत नाही.

कॅमेरा सध्या घेऊच नका. तुमच्या फोनवर पहिलं सत्र निभतं. एक साधा ट्रायपॉड, फोनला लागणारा वायरचा क्लिप माइक आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन एवढं घ्या. व्हिडिओ २५ फ्रेम्सवर असेल तर शटर १/५० सेकंदावर ठेवा, एक्स्पोजर (प्रकाशाची मात्रा) आणि फोकस लॉक करा. सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःला कळेल की तुम्ही माणसांत जास्त रमता, आवाजात की आकड्यांत. पैसे तेव्हा खर्च करा. २०२० पासून पुलित्झरमध्ये ऑडिओ वार्तांकनाचा वेगळा विभाग आहे. चांगलं लिहिणारे बरेच जण कॅमेऱ्यापेक्षा तिकडे जास्त रुळतात असा माझा अनुभव आहे. तुम्हीही कदाचित त्यातलेच असाल.

अर्जाचं सांगते. छापून आलेल्या बातम्यांच्या तीसेक लिंक पाठवू नका. तीनच द्या, आणि त्यातली एक अशी की जिच्यात तुम्ही प्रत्यक्ष जागेवर बराच वेळ घालवला होता. सोबत फोनवर केलेला दोन-अडीच मिनिटांचा एक तुकडा जोडा. तुमच्याच एखाद्या जुन्या बातमीतला माणूस घ्या, ज्याच्याबद्दल तुमचं लिहून झालंय. त्याच्याकडे परत जा आणि तुमच्या बातमीत जे मावलं नव्हतं तेवढंच टिपा. तो तुकडा ओबडधोबड असेल, चालेल. अर्जासोबतच्या हेतुपत्रात 'मला लहानपणापासून पत्रकारितेची आवड' लिहू नका. ही बातमी मी आधी शब्दांत कशी केली होती, कॅमेरा घेऊन गेल्यावर काय वेगळं दिसलं आणि दोन मिनिटांत बसवण्यासाठी काय वगळलं, एवढं लिहा. मी अर्ज वाचते तेव्हा 'काय वगळलं आणि का' हा परिच्छेद शोधते. शंभरात चार-पाच अर्जांत तो असतो.